दुसरे सत्र

महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. ऑक्टोबरात सहामाही परीक्षा होते, दिवाळीची सुट्टी लागते आणि सुट्टी संपली की दुसरे सत्र सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबते. ही दोन वेळापत्रके शेजारी ठेवून पाहिली तर लक्षात येते की हंगाम शाळेच्या दुसऱ्या सत्रावर जवळजवळ पूर्ण बसतो. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, गेवराई या तालुक्यांतून, अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगावातून, जालना, परभणी, धाराशिव, नांदेडच्या गावांतून आणि तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांचे भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. भांडीकुंडी, पीठ-मीठ, अंथरुणे, कोंबड्या, शेळ्या आणि लेकरे अशी सगळी गृहस्थी त्यांत असते. वाट कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुण्याकडची असते, नाहीतर सीमा ओलांडून कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटची.

जे मूल पहिलीपासून दरवर्षी आईबापांबरोबर जाते, ते प्रत्येक इयत्तेच्या पुस्तकाचा पुढचा अर्धा भाग शिकते. मागचा अर्धा भाग त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. पाचवीत पोहोचेपर्यंत अशा न शिकलेल्या अर्ध्या भागांची थप्पी इतकी उंच होते की पुढच्या इयत्तेचा पुढचा अर्धा भागही कळेनासा होतो. गणिताचे हे विशेषच होते, कारण गणितात मधली पायरी गाळून वर चढता येत नाही. सातवी-आठवीपर्यंत हजेरीपटावर नाव असते, पास झाल्याची गुणपत्रिका असते, पण तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने भागायला सांगितले की पोरगा मान खाली घालतो. मग एक दिवस तोच म्हणतो, "मला शाळेत नाही जायचं, मी कोयता घेतो." आईबापांनी शाळा सोडायला लावली असे पुष्कळदा म्हटले जाते. माझ्या मते शाळा त्याला चौथीतच सुटलेली असते. आठवीत तो फक्त तसे बोलून दाखवतो.

राज्यातल्या ऊसतोड कामगारांची संख्या दहा लाखांच्या आसपास सांगितली जाते. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचे पहिले गाळप झाले. त्यानंतर दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस वाढला, पाटाचे पाणी वाढले, पण तोडणीला माणसे लागतात आणि तीही स्वस्त. १९७२ च्या दुष्काळाने बालाघाटच्या डोंगररांगेतल्या कोरडवाहू गावांचे कंबरडे मोडले आणि मजुरांची ही वाट रुळली. आज त्या वाटेवर तिसरी पिढी चालते आहे. आजोबांनी उसाचा फड तोडला, बापाने तोडला आणि आता नातू सहामाहीची परीक्षा देऊन गाडीत बसतो.

सगळ्याच्या मुळाशी उचल आहे. ती नीट समजून घेतली नाही तर पुढचे काहीच समजत नाही.

पावसाळ्यात, घरात दाणा आणि हातात पैसा नसतो त्या दिवसांत, टोळी जमवणारा मुकादम मजुरांना आगाऊ रक्कम देतो. पैसा कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, वाहतूकदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून मजुराकडे येतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, असा हिशेब चालतो. जोडीला पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, कधी त्याहून जास्त उचल मिळते. त्यातून आधीचे देणे फिटते, दवाखाना होतो, घरावर पत्रे पडतात, एखादे लग्न होते. म्हणजे गाडी गावातून हलते तेव्हा पैसा बहुतेक संपलेला असतो आणि कामाला अजून हातही लागलेला नसतो.

आता फेड कशी होते ते पाहू. तोडणीचा दर टनावर असतो. जानेवारी २०२४ मध्ये कारखानदार आणि कामगार संघटना यांच्या चर्चेतून त्यात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला सुमारे ३६६ रुपये ठरले. फड चांगला असेल आणि दोघेही धडधाकट असतील तर जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते, सोलते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडी भरते. दोन टन धरले तरी दिवसाचे ७३२ रुपये होतात, आणि तेही दोघांचे मिळून. एक लाख रुपये फेडायचे तर १३७ दिवस एकही खाडा न करता तोडणी करावी लागते. आजारपण, पाऊस, बंद पडलेली गाडी, बाळंतपण यांतले काहीही या गणितात धरलेले नाही. रोजचा किराणाही धरलेला नाही. त्यात हंगाम आखूड होत चालले आहेत. २०२४-२५ चा हंगाम बहुतेक कारखान्यांनी मार्चच्या मध्यापर्यंतच आटोपला. उरलेली रक्कम बाकी म्हणून अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाबरोबर जावे लागते.

बारा वर्षांच्या मुलाची किंमत या हिशेबात कळते. तो उसाचे वाढे गोळा करतो, मोळ्या बांधायला मदत करतो, बैलगाडी असेल तर बैल धरतो. त्याच्यामुळे आईबापांचा दिवसाचा ऊस थोडा वाढतो आणि फेडीचे दिवस थोडे कमी होतात. मुलाला कामाला जुंपल्याबद्दल आईबापांना दोष देणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत हे १३७ दिवस कुठेच नसतात. टनावर पैसे आणि आधी दिलेले कर्ज या दोन गोष्टी एकत्र आल्या की घरातला प्रत्येक हात हिशेबात धरला जातो. यासाठी कुणी दुष्ट असण्याची गरज नसते. कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीला लावता येत नाही. पण मजुरांच्या यादीत मुलाचे नावच नसते. पैसे जोडीच्या नावावर पडतात आणि मुलगा आईबापांजवळ बसलेला असतो, असे सांगितले जाते. १९८६ च्या बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या व्यवसायात मदत करण्याची सवलत दिली गेली. लोकांच्या बोलण्यातून ही सवलत फडापर्यंत येऊन पोहोचली आहे. फड मात्र घरचा व्यवसाय नाही. तो दुसऱ्याचा ऊस आहे आणि तिसऱ्याचा कारखाना.

मुलींचा दिवस वेगळा असतो. आई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते आणि नवऱ्याबरोबर फडाकडे जाते. त्यानंतर कोपीची मालकीण दहा-अकरा वर्षांची मुलगी होते. बांबू, ताडपत्री आणि पाचटाच्या त्या कोपीला दार नसते, मोरी नसते, दिवा असलाच तर बॅटरीचा. पाणी आणणे, सरपण गोळा करणे, शेळी बांधणे ही कामे तिची, आणि धाकट्याला काखेत घेऊन दिवसभर फिरणेही तिचेच. तान्हे लेकरू असेल तर आई ते फडावर नेते. उसाच्या कडेला साडीची झोळी बांधते, नाहीतर पाचटावर चिंधी अंथरून त्यावर झोपवते. रात्री-अपरात्री गाडी भरायला हाक आली की दोघेही जातात आणि कोपीत लेकरेच उरतात. साप, उघड्या विहिरी, मागे येणारी ट्रॅक्टरची ट्रॉली, वाळलेल्या पाचटाला लागणारी आग, यांतल्या कशाने ना कशाने दर हंगामात कुठेतरी मूल दगावते आणि वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. लसीकरणाचे कार्ड गावच्या अंगणवाडीत राहिलेले असते आणि खाऊची पाकिटेही तिथेच येतात. नव्या गावातल्या अंगणवाडीत जायचे तर ती मजुरांच्या तळापासून दोन-तीन किलोमीटर लांब, आणि घेऊन जाणार कोण?

शाळेबाबत सरकारने काहीच केले नाही असे नाही. १९९० च्या दशकात कारखान्यांच्या तळांवरच साखरशाळा सुरू झाल्या. शहाद्याच्या जनार्थ आदिवासी विकास संस्थेसारख्या संस्थांनी त्यासाठी पुष्कळ कष्ट घेतले. मांडव किंवा पत्र्याची खोली, एकच शिक्षक, तीन-चार इयत्तांची मुले एकत्र, अशी त्यांची रचना होती. शिकवणे जेमतेम होई, पण शाळा कोपीपासून हाकेच्या अंतरावर होती आणि मोठी बहीण धाकट्याला मांडीवर घेऊन वर्गात बसू शकत होती. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. प्रत्येक मुलाला नियमित शाळेत, त्याच्या वयाच्या वर्गात बसण्याचा हक्क मिळाला. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारी कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली. तत्त्व म्हणून यात चुकीचे काही नव्हते, कारण गरिबांच्या मुलांसाठी दुय्यम शाळा का असावी? पण या तत्त्वाच्या आधारे साखरशाळा एकेक करून बंद झाल्या आणि त्यांच्या जागी जे यायला हवे होते ते आले नाही. तळापासून नियमित शाळेपर्यंत वाहन नव्हते. जी शाळा जवळ होती तिच्या शिक्षकांना जानेवारीत वर्गात आलेली आणि मार्चमध्ये जाणारी वीस मुले म्हणजे जादा ओझे वाटले. कर्नाटकात गेलेल्या मुलांपुढची शाळा तर कन्नड माध्यमाची. हक्क कागदावर मोठा झाला आणि मांडवातली शाळा गेली. या निर्णयाची मला आजही चीड येते, कारण तो मुलांच्या भल्याच्या नावाने झाला आणि तळावर जाऊन कुणी पाहिले नाही.

त्यानंतर शिक्षण हमी कार्ड आले. मूल गाव सोडताना त्याच्या शाळेने हे कार्ड द्यायचे, त्यात ते कुठल्या इयत्तेत आहे आणि काय शिकले आहे याची नोंद करायची आणि नव्या शाळेने त्यावरून प्रवेश द्यायचा, अशी योजना. पण कार्ड देणाऱ्या शाळेचाही एक हिशेब असतो. शिक्षकांची पदे पटावर ठरतात. चाळीस मुलांच्या शाळेतली पंचवीस मुले बाहेर गेली असे लेखी दाखवले तर संचमान्यतेत, म्हणजे पदांच्या मंजुरीत, एखादे पद जाईल ही धास्ती असते. गरीब गावातली जिल्हा परिषदेची शाळा आधीच दोन शिक्षकांवर चाललेली असते, त्यातला एक गेला तर जून ते ऑक्टोबरही नीट शिकवता येणार नाही, म्हणून काही ठिकाणी मूल पटावरच ठेवले जाते. मुख्याध्यापकाची भीती खोटी नाही आणि मुलाचे नुकसानही खोटे नाही. व्यवस्थेने दोघांना एकमेकांसमोर उभे केले आहे.

माझ्या मते सगळ्यांत उपयोगी ठरली ती हंगामी वसतिगृहे. सर्व शिक्षा अभियानातून गावातल्याच शाळेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली ती चालवली गेली. मूल गावात राहते, आजी-आजोबांकडे किंवा शाळेत झोपते, दोन वेळचे जेवण मिळते, शिक्षक ओळखीचे आणि पुस्तकही तेच. आईबाप गेले तरी दुसरे सत्र शाबूत राहते. यासाठी नवे काही शोधून काढावे लागत नाही. फक्त वसतिगृह गाडी निघण्याआधी उघडलेले असावे लागते. तेवढेच होत नाही. टोळ्या दसऱ्याला हलायला लागतात. वसतिगृहाची मंजुरी, निधी आणि मुलांच्या याद्या यांचे कागद नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत फिरत राहतात. सहा वर्षांचे पोर गावात कुणाच्या तरी भरवशावर दीड महिना ठेवा, मग सरकार जेवण देईल, असे कुठल्या आईला सांगायचे? ती त्याला बरोबर घेऊन जाते. डिसेंबरात वसतिगृह उघडते तेव्हा मुलांचा प्रतिसाद कमी असा शेरा लिहिला जातो आणि पुढच्या वर्षी त्या गावाची मंजुरी आणखी अवघड होते.

२०२१ मध्ये राज्याने संत भगवान बाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर केली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे, प्रत्येकी १०० जणांची सोय. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. त्याच्यासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची असे ठरले. महाराष्ट्रात एका हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांच्या बाजूनेच शंभर कोटी रुपये झाले. ८२ वसतिगृहांत मिळून ८,२०० मुले राहू शकतात. गरजेच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण पैसा नाही म्हणून तो लहान आहे असे म्हणता येणार नाही.

सरकारच्या आधी काही माणसांनी हे काम हातात घेतले. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी गावात दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी २००० साली शांतिवन सुरू केले आणि ऊसतोड कामगारांची मुले तिथे राहून शिकू लागली. मुलांत काही कमी नसते आणि एका जागी राहून वर्ष पुरे करायला मिळाले की तीही इतरांसारखी शिकतात, याचा पुरावा म्हणून मी अशा ठिकाणांकडे पाहतो. लाखो मुलांचा भार संस्थांच्या खांद्यावर टाकून मोकळे होण्यासाठी नव्हे.

आता मुलींविषयी, कारण सगळ्यांत मोठी किंमत त्या मोजतात.

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आईबापांपुढे तीन वाटा उरतात. बरोबर न्यावे, तर तळावर आडोसा नाही, अंघोळीला जागा नाही, आसपास अनोळखी माणसे. मागे ठेवावे, तर म्हातारी आजी आणि मोकळे घर. "मोठी झाली, मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची?" हा प्रश्न त्या भागात इतक्या आयांच्या तोंडून येतो की त्याला मागासलेपणा म्हणून झटकून टाकणे हा अन्याय आहे. तिसरी वाट लग्नाची. आणि लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. एकट्या मुलाला अर्ध्या कोयत्याची उचल मिळत होती, आता जोडीची पूर्ण मिळते. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्ने उरकली जातात आणि पंधरा वर्षांची नवरी हळद उतरायच्या आत सासरच्यांबरोबर फडावर जाते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी किती जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले ते नोंदवलेले आहे. देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९ टक्के, बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के आणि परभणीत ४८ टक्के. राज्याची सरासरी देशापेक्षा थोडी बरी दिसते, आणि त्याच सरासरीच्या पोटात हे दोन जिल्हे आहेत.

यापुढे कायदा आणि आरोग्य एकमेकांच्या आड येतात. २०१२ च्या, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालची गरोदर मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कार ठरवला. मुलींच्या रक्षणासाठी हे दोन्ही आवश्यक आहेत. पण लग्न थांबवायला जी यंत्रणा वेळेवर आली नाही, ती बाळंतपणाच्या वेळी नवऱ्याच्या अटकेच्या रूपाने दारात येईल, या भीतीने घरचे वय वाढवून सांगतात, तपासणी टाळतात किंवा ओळखीचा खासगी दवाखाना शोधतात. सोळा वर्षांच्या, रक्त कमी असलेल्या मुलीची तपासणी सगळ्यांत आधी व्हायला हवी. नेमकी तीच दवाखान्यापासून लपवली जाते.

आणि पंधरा वर्षांनी काय होते तेही पाहायला हवे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे दर सहा जणींत एकीची. वर्तमानपत्रांनी खासगी दवाखान्यांच्या लोभावर बोट ठेवले, ते बरोबरच होते. पण या बायका तिशी-पस्तिशीत शस्त्रक्रियेपर्यंत का आल्या, याचे उत्तर त्यांच्या पंधराव्या वर्षी सापडते. लवकर लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणे, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पुन्हा डोक्यावर मोळी, पाळीच्या दिवसांत पाण्याची आणि आडोशाची वानवा, अंगावर काढलेले दुखणे, आणि दवाखान्यात जायचे तर खाडा. या प्रकरणाला आपण स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून ओळखतो. तो बालपणाचाही प्रश्न आहे.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. गावात त्याचा अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. १०९८ या क्रमांकावर फोन आला की काही लग्ने खरोखर थांबतात. मांडवातून परत आणलेली मुलगी पुढे कुठे राहते, हा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. आईबाप त्याच आठवड्यात गाडीत बसणार असतात. म्हणून मुलींचे वसतिगृह आणि बालविवाह प्रतिबंध या दोन खात्यांच्या दोन योजना आहेत असे समजणे चूक आहे. ज्या तालुक्यात मुलींसाठी सुरक्षित, दसऱ्याआधी उघडणारे, दहावी-बारावीपर्यंत ठेवून घेणारे वसतिगृह असेल, तिथे आईजवळ लग्नाला नकार द्यायला आधार असेल.

मुलांच्या याद्या वेळेवर करणे अवघड आहे, माणसे फिरती असतात, असे उत्तर दरवर्षी ऐकू येते. ते खरे नाही. पावसाळ्यात उचल वाटली जाते तेव्हाच मुकादमाच्या वहीत टोळीतल्या प्रत्येक कोयत्याचे नाव आणि रक्कम लिहिलेली असते. कुठल्या गावातून किती जोड्या येणार याचा अंदाज कारखान्याकडे ऑगस्टमध्ये तयार असतो, कारण त्याने त्यात कोट्यवधी रुपये घातलेले असतात. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र द्यायचे कामही सरकारने ग्रामसेवकांकडेच दिले आहे. म्हणजे ज्या अधिकाऱ्याने बालविवाह रोखायचा आहे, त्याच्याच टेबलावर कोण जाणार याची यादी असते. त्या यादीत मुलांची नावे, वये आणि इयत्ता यांचे तीन रकाने वाढवले आणि ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि समाजकल्याण खात्याकडे पोहोचली, तर वसतिगृहात किती गाद्या लागतील, किती मुले तळावर जातील आणि तळाजवळच्या कुठल्या शाळेला एक शिक्षक आणि एक गाडी द्यावी लागेल, हे पहिला ट्रक हलण्याच्या महिनाभर आधी सांगता येईल. गाडीचा आणि शिक्षकाचा खर्च टनामागच्या त्या दहा रुपयांतून व्हावा, आणि तळावर मुले आहेत हे माहीत असूनही शाळेची सोय न करणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना पुढच्या हंगामात अडवला जावा. साखर आयुक्तालय दरवर्षी हा परवाना देते आणि शेतकऱ्यांची थकबाकी असेल तर तो रोखूनही धरते.